खाली कोळसा, वर कच्चं पीठ: ग्रिलवरच्या पिझ्झ्याचा नेहमीचा बिघाड

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास फोन वाजला की मी चपला घालूनच तो उचलतो. "दादा, तुमच्या ग्रिलमध्ये कायतरी फॉल्ट आहे. पिझ्झा खालनं करपतोय आणि वरनं कच्चाच राहतोय."

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं पत्राकाम आहे. एका गिऱ्हाइकानं अर्ध्या ड्रमची ग्रिल करून मागितली, तिथनं हे लफडं सुरू झालं. सुरुवातीला लोक त्यावर चिकन आणि कणसं भाजायचे, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. आता मळ्यावरच्या रस्सा मंडळातसुद्धा पोरांना पिझ्झा लागतो. मोठी माणसं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली चुलीवर चढवतात, शेजारी ग्रिल पेटते, आणि तासाभरात मला फोन येतो.

इतक्या वेळा जाऊन आल्यावर सांगतो, फॉल्ट ग्रिलमध्ये क्वचित असतो. म्हणून माणूस बोलावण्याआधी घरच्या घरी काय काय तपासायचं ते फुकटातल्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींपर्यंत क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका. शेवटचा उपाय आधी करून खिसा रिकामा केलेली माणसं मी बघितली आहेत.

आधी लक्षणं बघा

- दोन-तीन मिनिटांत तळ काळा, आणि चीज मात्र किसून टाकलं तसंच उभं.
- चीज वितळलंय, पण कापल्यावर चीजखाली पांढरी, चिकट रेघ दिसते. बोटानं दाबली तर कच्चं पीठ.
- मध्यभागी डबकं. तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं आणि सगळं टॉपिंग घसरतं.
- अर्धा पिझ्झा काळा, अर्धा पांढराफटक.
- पीठ जाळीला धरतं, फाटतं, आणि सॉस निखाऱ्यावर सांडून धूर होतो.
- रंग बरा आलाय, पण चव कडवट.

पहिली चार लक्षणं एकाच आजाराची आहेत: खालनं भरपूर उष्णता, वरनं जवळजवळ काहीच नाही. शेवटच्या दोघांची कारणं वेगळी आहेत, ती पिठाच्या भागात येतील.

भाकरी कशी होते ते आठवा. तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि मग चुलीच्या तोंडाशी आरावर उभी धरून शेकली. म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीनं उष्णता मिळते. पिझ्झा असा उलटता येत नाही, वर सॉस आणि चीज असतं. म्हणून नेपल्समध्ये घुमटासारखी भट्टी असते. तिथं लाकडाच्या आगीवर आतलं तापमान सव्वाचारशे अंशांच्या पुढं जातं, घुमट वरनं आग ओकतो आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत तयार होतो. आपल्या ग्रिलला घुमट नाही. जे आहे ते झाकण. त्यामुळं पिझ्झा वरनं कच्चा दिसला की लोक आणखी कोळसा टाकतात, तिथंच सगळं बिघडतं. कोळसा वाढवला की तळ आणखी लवकर जळतो, वरच्या बाजूला काही मिळत नाही. कोळशाची जागा बदलायची असते.

१. झाकण बंद होतं का?

हसू नका. मी गेलो की निम्म्या वेळा झाकण उघडं असतं आणि चार जण भोवती उभे राहून पिझ्झ्याकडं बघत असतात. कुणीतरी फोटो काढत असतो. झाकण उघडं म्हणजे वरची सगळी गरम हवा गच्चीवरच्या वाऱ्यात गेली.

पिझ्झा ठेवण्याआधी झाकण लावून ग्रिल १० ते १५ मिनिटं तापू द्या. झाकणाचा पत्रा तापला की तोच वरनं शेक देतो. पिझ्झा ठेवला की लगेच झाकण लावा आणि तीन मिनिटं हात लावू नका. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. तो झाकणाजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीजवळचं त्याहून बरंच वेगळं असू शकतं. तरी काटा २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या मध्ये असेल तर बरोबर चाललंय असं समजा.

२. तळहात धरून बघा

जाळीच्या ४-५ इंच वर तळहात धरा आणि सेकंद मोजा: एक रंकाळा, दोन रंकाळा, तीन रंकाळा. दोन रंकाळ्याच्या आत हात ओढावा लागला तर तिथं कच्चं पीठ ठेवायचं नाही, ते कणसाला ठेवा. तीन-चार मोजून झाले तर पिठाची पहिली बाजू भाजायला ती जागा योग्य. सात-आठ मोजता आले तर ती टॉपिंग घातलेल्या पिझ्झ्याची जागा. हे एका ठिकाणी नाही, जाळीच्या चार कोपऱ्यांवर करा. अर्धा काळा-अर्धा पांढरा पिझ्झा का होतो, ते तिथंच कळतं. गच्चीवर वारा एका बाजूनं येत असेल तर त्या बाजूचे निखारे जास्त फुलतात. ग्रिल फिरवा, नाहीतर मधल्या वेळी पिझ्झा अर्धा फिरवा.

३. निखारे एका बाजूला ओढा

सगळ्या तक्रारींवर माझा पहिला खरा उपाय हाच. कोळसा तळभर पसरलेला असतो. चिमट्यानं किंवा लोखंडी फावडीनं तो सगळा एका बाजूला, निम्म्या तळावर ओढा. आता जाळीचे दोन भाग झाले: खाली निखारे असलेला गरम भाग आणि खाली काहीच नसलेला थंड भाग. पिझ्झा शेवटाला थंड भागावर जातो, झाकण लागतं, आणि बाजूनं उठलेली गरम हवा झाकणाला आपटून वरनं चीजवर येते.

मागच्या उन्हाळ्यात कळंब्याच्या बाजूला एका बंगल्यात गेलो होतो. तीन पिझ्झे टाकून दिलेले, पोरं भुकेनं चिडलेली, आणि घरच्या काकी मला म्हणाल्या, "तुमची ग्रिल परत घेऊन जावा." मी काही बोललो नाही. फावडीनं कोळसा डावीकडं ओढला, झाकण लावलं, दहा मिनिटं थांबलो. चौथा पिझ्झा उजवीकडं ठेवला. पाच मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा चीज बुडबुडत होतं आणि तळ तांबूस. काकींनी पहिला तुकडा मलाच दिला, पण ग्रिलचं बिल मात्र आणखी पंधरा दिवसांनी मिळालं.

कोळसा कधी वापरायचा हेही इथंच सांगतो. आपल्याकडं म्हणायची पद्धत आहे, जाळ अन् धूर संगटच. बोलायला भारी, पण पिझ्झ्याला दोन्ही नकोत. जाळ संपून कोळशावर राखेची पांढरी साय धरली की सुरुवात करायची, त्याला २०-२५ मिनिटं लागतात. पावसाळ्यात कोळसा दमट असतो, तेव्हा जास्त. काळा कोळसा दिसतोय तोवर जो धूर येतो, तो पिठाला कडवट चव लावतो. पेटवायला पाचट चालतं, रॉकेल नको. त्याचा वास चीजला धरतो.

४. टॉपिंगमधलं पाणी

इथं थोडं जास्त लिहितो, कारण ताज्या भाज्या घालायच्या म्हणून घरी पिझ्झा करतात आणि त्याच भाज्या घात करतात.

पाणी असेल तोवर ती जागा शंभर अंशांच्या वर तापत नाही. पिठाला आणि चीजला तांबूस रंग यायला साधारण १४० अंशांपुढं जावं लागतं. म्हणजे वर डबकं असेल तर खालचं पीठ वाट बघत बघत काळं होतं आणि वरचं उकडत बसतं. टोमॅटोत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ताज्या पांढऱ्या मोझरेलाच्या गोळ्यात निम्म्याहून जास्त.

कपिलतीर्थ मंडईत टोमॅटो घेताना लांबट, जाड गराचे घ्या. गोल, रसाळ टोमॅटो सारासाठी ठेवा. काप केले की बिया आणि गीर बोटानं काढून टाका, चिमूटभर मीठ लावा, चाळणीत १५ मिनिटं ठेवा. खाली वाटीत किती पाणी जमतं ते एकदा बघाच. ते पाणी पिझ्झ्यावर गेलं असतं. मग काप कोरड्या कापडावर टिपून घ्या. मशरूम आणि पालक तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून घ्या. मक्याचे दाणे उकडून निथळा. ढोबळी मिरची आणि कांदा अगदी पातळ चिरा, जाड चिरलेला कांदा पाच मिनिटांत शिजत नाही. पनीर चालतं, त्याला फारसं पाणी सुटत नाही. चिकन घालायचं असेल तर आधी पूर्ण शिजवलेलं. कच्चं चिकन पिझ्झ्यावर टाकून ग्रिलवर शिजेल हा भरवसा ठेवू नका.

ताजा मोझरेला असेल तर तो फाडून तासभर चाळणीत निथळत ठेवा. पाकिटातला किसलेला चालतो, पण पाकीट उलटं करून वाचा. त्यावर वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते चीज नाही, चीजसारखं काहीतरी आहे. ते वेगळं वितळतं, आणि माझ्या अनुभवात तेल सोडून वर रबरासारखं राहतं. अशा वेळी ग्रिलला शिव्या देऊ नका.

सॉस दहा इंचाच्या पिझ्झ्याला तीन मोठे चमचे, त्याहून जास्त नाही. चमचा उभा धरून ओढला तर खालचं पीठ दिसलं पाहिजे.

आपली कांदा-लसूण चटणी घालायची असेल तर चीजवर भुरभुरवू नका. तिखट उघड्यावर करपतं आणि सगळ्यांना ठसका लागतो. अर्धा चमचा चटणी तेलात कालवून सॉसमध्ये मिसळा, चीजखाली ती सुरक्षित राहते. आणि बेसिलची पानं पिझ्झा खाली उतरल्यावर टाकायची. अंगणातली तुळस त्याच्याऐवजी चालत नाही, तिची चव औषधी आहे. सब्जाचं रोप असेल तर त्याची पानं घ्या, बेसिल आणि सब्जा एकाच जातीचे आहेत.

५. पीठ

माझं प्रमाण असं: ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे तेल. एप्रिल-मेमध्ये यीस्ट २ ग्रॅमवर आणतो आणि पाणी माठातलं घेतो. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात दुपारी पीठ बाहेर ठेवून जेवून आलं तर ते परातीबाहेर येतं. असं जास्त फुगलेलं पीठ सैल पडतं, हाताला चिकटतं आणि जाळीतनं खाली ओघळतं. रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलं तर सगळ्यात बरं, पण भाजायच्या तासभर आधी बाहेर काढा. थंड गोळा पसरला की परत आक्रसतो, जाड राहतो, आणि आतनं कच्चा.

साखर किती घालता ते तपासा. यीस्ट फुलवायला म्हणून दोन-तीन चमचे साखर घालतात, कुणी दूधही घालतं. दोन्हींमुळं तळ लवकर करपतो. इन्स्टंट यीस्टला साखर लागत नाही. घालायचीच तर अर्धा चमचा.

गोळे २०० ग्रॅमचे करा आणि हातानं दहा इंचांपर्यंत पसरा. जाडी ४-५ मिलिमीटर, म्हणजे जाडसर पराठ्याएवढी. फळीवरनं घसरावं म्हणून खाली भरपूर मैदा टाकतात, तो जाळीवर किंवा दगडावर जळतो आणि तीच ती कडवट चव. मैद्याऐवजी बारीक रवा टाका, तोही बेतानं.

जाळीला धरत असेल तर जाळी गरम करा, काट्याला अर्धा कांदा टोचून तिच्यावर घासा, आणि तेल जाळीला नाही, पिठाला लावा. जाळीला लावलेलं तेल निखाऱ्यावर टपकतं, भडका उडतो, आणि पिझ्झ्यावर काजळी बसते.

६. आधी एक बाजू, मग टॉपिंग

वरचं सगळं करूनही मधली पांढरी रेघ जात नसेल तर पद्धत बदला. जाळीवर थेट पीठ भाजायची ही पद्धत अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या अल फोर्नो या १९८० साली सुरू झालेल्या रेस्तराँनं गाजवली. आपल्याला ती समजायला एक मिनिट लागत नाही, कारण ती अर्धी भाकरीच आहे.

नुसता पसरलेला बेस, तेल लावून, गरम भागावर टाका. दीड-दोन मिनिटांत वर फुगे येतात. उलथण्यानं कड उचलून बघा, जाळीच्या तपकिरी रेघा उठल्या असतील तर उचला. आता तो परातीत उलटा ठेवा, म्हणजे भाजलेली बाजू वर. सॉस, चीज, भाज्या त्या भाजलेल्या बाजूवर. भाजलेलं पीठ सॉसचं पाणी लवकर पीत नाही, पांढरी रेघ तिथंच संपते. मग कच्ची बाजू खाली करून थंड भागावर ठेवा, झाकण लावा, ४ ते ६ मिनिटं. शेवटी तळाला रंग कमी वाटला तर अर्धा मिनिट गरम भागावर सरकवा, पण तिथनं नजर हलवू नका.

सगळी टॉपिंग आधीच चिरून ताटात तयार ठेवा. बेस उचलल्यावर कांदा चिरायला बसलात तर तो पापडासारखा कडक होतो.

दुकानातला तयार बेस आधीच भाजलेला असतो. त्याला ही पहिली पायरी नको, सरळ थंड भागावर.

७. दगड किंवा तवा

पिझ्झा स्टोन निखाऱ्याच्या बरोबर वर अर्धा तास तापवला तर तो हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम होतो, आणि मग तळ दोन मिनिटांत काळा. दगडावर चिमूटभर मैदा टाका. पाच सेकंदांत काळा झाला तर थांबा, दगड थंड भागावर सरकवा, पाच-सात मिनिटांनी परत बघा. हळूहळू बदामी झाला तर पिझ्झा टाका. दगड लोखंडी कड्यावर ठेवून झाकणाच्या जवळ उचलला तर आणखी चांगलं, वरचा शेक जास्त मिळतो. तापलेल्या दगडावर पाणी मारू नका.

दगड नसेल तर बिडाचा तवा उलटा ठेवा. पण घरात उरलेली शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी वापरू नका. मी वापरली होती. अशा दगडाच्या थरांत पाणी मुरलेलं असतं, त्याची वाफ होते. माझी फरशी फटाक्यासारखी फुटली आणि तिची चीप शेजारच्या बादलीला लागली. माणूस नव्हता म्हणून निभावलं.

८. झडपा, आणि माझ्यासारख्याला कधी बोलवायचं

हवा आत घेणारी खालची झडप उघडी, बाहेर सोडणारी वरची अर्धी. वरची पूर्ण बंद केली की हवा फिरत नाही, निखारे घुसमटतात. झडप राखेनं चोंदली असेल तर आधी ती साफ करा, ते फुकट आहे.

इथपर्यंत सगळं करून तोच बिघाड राहिला तर ग्रिलचं माप चुकलेलं असू शकतं. निखारे आणि जाळी यांच्यात चार इंचांहून कमी अंतर असेल किंवा झाकण जाळीपासून फारच उंच असेल तर घरी काही होत नाही. पत्राकामवाल्याकडं जा आणि एवढंच सांगा: जाळी निखाऱ्यापासून सहा इंच वर घ्या, झाकण नीट बसू द्या, कोळशाला एका बाजूला अडवणारी पट्टी लावा. स्वतः वेल्डिंग करू नका. आणि ड्रम आणताना तो गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताचा धूर वाईट. रसायन किंवा रंग भरलेला ड्रमही नको, धुतला तरी नको.

गॅसच्या ग्रिलचं वेगळं. ज्योत निळी असायला हवी. पिवळी होऊन काजळी धरत असेल किंवा एकाच बाजूला पेटत असेल तर बर्नरच्या नळीत बहुतेक कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं, पावसाळाभर पडून राहिलेल्या ग्रिलमध्ये तर हमखास. सिलिंडर बंद करा आणि मेकॅनिक बोलवा. जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या बारीक तोंडात, सुई घालून भोक मोठं करायचा उद्योग करू नका. पाइपच्या नैसर्गिक गॅसचे आणि सिलिंडरच्या गॅसचे जेट वेगळे असतात, तेही मेकॅनिकच बदलेल. नळीला तडा असेल किंवा ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदला. जोडाला साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले किंवा वास आला तर पिझ्झा विसरा, रेग्युलेटर बंद करा, काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका, आणि १९०६ वर फोन करा.

पाऊस आला म्हणून कोळशाची ग्रिल जिन्यात, गॅरेजमध्ये किंवा बंद पडवीत ओढू नका. निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर त्याला उघड्यावर आणा आणि १०८ लावा. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, टूथपेस्ट नको.

राख दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, लोखंडी घमेल्यात. रात्री विझलीय असं वाटून मी ती प्लॅस्टिकच्या बादलीत भरली होती. सकाळी बादलीचा तळ गच्चीच्या फरशीला चिकटलेला होता, अजूनही तो डाग तिथंच आहे.